देवाची उजवी

काका, तू गेलास त्याला आज सोळा दिवस झाले, आणि मला अजून दर्याकडे पाठ करून बसता येत नाही.

तुलाही येत नसे. पडवीत जेवायला बसलास की ताट घेऊन तू भिंतीकडे सरकायचास, तोंड समुद्राकडे. काकी म्हणायची, "दर्यो काय ताटातलो मासो परत न्हेतलो?" तू हसायचास. मला वाटायचं, जुना तांडेल आहे, जन्मभर होडी हाकली, सवय जात नसेल. ती सवय नव्हती, हे मला तू जाण्याच्या जेमतेम बारा दिवस आधी कळलं. आता माझा पाट मी तुझ्या जागी मांडते. पाठीला भिंत लागल्याशिवाय घास उतरत नाही.

लिहिताना माझी अडचण काय होते ते तुला ठाऊक आहे. मी अक्षरं पत्रकांवर शिकले. दादा, म्हणजे माझा बाप, तुझा धाकटा भाऊ, मुंबईच्या गिरणीतून सुट्टीवर येणाऱ्या प्रत्येकाच्या ट्रंकेत पत्रकांचा गठ्ठा घालून द्यायचा. 'कामगारांनो, जागे व्हा!' 'दगडापुढे वाकू नका, माणसासाठी उठा!' बाकीच्या पोरींनी श्रीकार गिरवला, मी उद्गारचिन्ह. माझा पहिला लेख छापून आला तेव्हा तू चष्मा लावून तासभर वाचलास आणि म्हणालास, "बरा लिवलंस गो बाय. पण ही उद्गारचिन्हां बघ, किनाऱ्यार माड उभे रवल्यासारखी. मधला घर दिसतच नाय."

या लेखात मी माझ्या हाताने एकही माड लावणार नाही.

तुला माहीत असलेलंच पुन्हा सांगावं लागेल, कारण हे आता तुझ्यामाझ्यातलं राहिलेलं नाही. वाडीच्या टोकाला, भरतीच्या रेषेच्या वर दहा पावलांवर, आपल्या घराण्याच्या देवाचं ठाणं आहे. काळा दगड आणि वर कौलारू छप्पर, एवढंच. पुजारी नाही. घरातल्या थोरल्याने तिथे कौल लावायचा. दगडाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

मी पाच वर्षांची असताना चुलत घरचे आबा कौल लावत होते आणि मी "उजवी, उजवी" म्हणून नाचायला लागले. तू मला उचललंस आणि दगडाच्या मागे नेऊन उभं केलंस. "हयसून बघ. देव आमच्याकडे तोंड करून बसलो हा. तेची उजवी ती आपली डावी. ठाण्यार आपली चालणा नाय, तेची धरूची." मी दगडावरून मान वर काढून बघितलं. डावीकडची माणसं उजवीकडे गेली होती, उजवीकडचा माड डावीकडे. मला गंमत वाटली होती.

थोरला तू. तरी तुला कौल लावताना मी कधीच पाहिलं नाही. ते काम तू आबांकडे सोपवलं होतंस. विचारलं तर म्हणायचास, "हाताक कंप आसा गो. पाकळी चिकटणा नाय." जाळं विणताना तुझ्या हाताला कंप नसायचा. हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं.

लढाईच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षातली ती दुपार मला दादाने सांगितली, तू नाही. मे संपत आला होता. होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारल्या होत्या, नारळी पुनवेपर्यंत दर्या बंद. जेवणं उरकता उरकता कुणीतरी हाक मारली आणि सगळी वाडी वाळूत जमली. बाहेरच्या खडकांपलीकडे एक होडी दिसत होती. आपल्याकडची नव्हे, लढाईत बुडालेल्या कुठल्याशा आगबोटीवरची. वल्ही नव्हती. माणसं होती. दादाने सहा मोजली. एक जण उभा राहून सदरा हलवत होता. वारा सुटलेला, पाणी काळं पडलेलं. तरी दादाने आपल्या होडीवरच्या झावळ्या ओढून फेकल्या आणि वल्हं घेऊन उभा राहिला. त्याच्यामागे आणखी सहा जण. जाणत्यांनी सांगितलं, कौल घेतल्याशिवाय जायचं नाही. तू ठाण्यात शिरलास. सगळे पायरीखाली. आत फक्त तू, आणि पाण्याची लोटी घेऊन तुझ्यामागे काकी. तू बाहेर आलास आणि म्हणालास, "डावी."

होडी पाण्याच्या ओढीबरोबर दक्षिणेला सरकत टोकाआड गेली. सदरा हलवणारा शेवटपर्यंत उभा होता, असं दादा सांगायचा. पुढे त्यांचं काय झालं ते आपल्या वाडीत कुणालाच कळलं नाही.

पाऊस सरल्यावर दादाने गाव सोडलं. मी तेव्हा वर्षाची. आई मला जन्म देतानाच गेलेली, म्हणून मला तुझ्या आणि काकीच्या ओटीत टाकून गेला. मुंबईत त्याने जे पहिलं पत्रक स्वतः लिहिलं त्याचं शीर्षक होतं, 'एका पाकळीने सहा माणसं मारली!' हा माड दादाचा, माझा नव्हे. वर्षातून एकदा तो यायचा, तुझ्या पंगतीला बसायचा, पण ठाण्याकडे फिरकायचा नाही आणि तुझ्याशी पावसापाण्यापलीकडे बोलायचा नाही. मी बारा वर्षांची असताना तो मुंबईत छातीच्या दुखण्याने गेला. मला त्याच्याकडून मिळालं ते हेच पत्रक.

ते घेऊन मी तुझ्याशी भांडले. किती वर्षं भांडले, काका. तुझ्या देवाने सहा जण मारले म्हणून जेवणावरून उठले. ठाण्याचा नारळ खायचा नाही म्हणून तोंडातला तुकडा थुंकले. तू एकदाही देवाची बाजू घेतली नाहीस. एवढंच म्हणालास, "देवाक कित्याक मधी घेतंस? तेका काय तोंड आसा उत्तर देवक?" मला वाटलं, मी जिंकले.

आणि तुझा तो प्रश्न. दक्षिणेकडचा कोणीही भेटो, आरोंद्याचा सुकी मासळी विकणारा, एस.टी.चा कंडक्टर, आणि गोवा सुटल्यावर तर तिकडून येणारा प्रत्येक जण, तू विचारायचासच. "लढायेच्या वक्ताक थंय खंय होडी लागलेली काय? आगबोटीवरची?" तिकडे कुठे होडी किनाऱ्याला लागल्याचं कुणालाच ठाऊक नसायचं, लोक मान हलवायचे. मी तुझी नक्कल करायचे. आमटी वाढताना काकीला विचारायचे, "काकी, हय खंय होडी लागली काय गो?" तू हसायचा नाहीस, रागावायचाही नाहीस. आमटी ओरपायचास. ती आठवण आली की मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

मग मी ती गोष्ट लिहिली. दिवाळी अंकात आली. मुंबईच्या एका दिग्दर्शकाने ती वाचून चित्रपट काढला. लढाईत बापाने काय केलं याचा जाब मुलगी भर घरात विचारते, बाप पाकळीकडे बोट दाखवतो, मुलगी ठाण्यातला दगड उचलून दर्यात टाकते. सुरुवातीला पाटी होती, 'सत्य घटनेवर आधारित', आणि खाली माझं नाव.

सावंतवाडीला तो लागला तेव्हा तू स्वतःहून म्हणालास, "चल, बघूया तुजो शिनेमा." काकी आली नाही. पत्र्याची शेड, रविवारचा दुपारचा खेळ, आपल्या वाडीचे दहाबारा जण पुढच्या बाकांवर. नायकाने वल्हं हातात घेतलं आणि मागून कुणीतरी बोललं, "रे, ता वल्हा आसा की केरसुनी?" दुसरा म्हणाला, "बुटां घालून होडयेत चढता बघ. सासुरवाडीक चल्लो काय रे?" सगळी शेड हसली. तूही हसलास, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ते मी पाहिलेलं तुझं शेवटचं हसू.

मग कौल आला. दिग्दर्शकाने कॅमेरा दगडाच्या मागे ठेवला होता. त्याच्या त्या युक्तीचं मला केवढं कौतुक होतं. पडद्यावर खाली दगडाची काळी कड, दोन अंगांना दोन पाकळ्या, आणि समोर नटाचा चेहरा, भिंतीएवढा, घामाने थबथबलेला. पडद्यावरची डावी पाकळी सुटली. नट म्हणाला, "डावी." तुझा हात अंधारात माझ्या मनगटावर आला. मी मनगट सोडवून बघितलं. सुटेना. खेळ संपून दिवे लागले तरी तू धरूनच होतास.

परतीच्या बसला तासभर होता. आपण तलावाच्या काठावर बसलो, शेंगदाण्यांची पुडी घेऊन. तू एकही दाणा खाल्ला नाहीस.

"ह्या पाणी बरा," तू म्हणालास. "आवाज करणा नाय."

मी विचारलं, आवडला का चित्रपट.

"तुज्या शिनेमान माका देवाच्या जाग्यार बसयल्यान, बाय."

"म्हणजे?"

"त्या दिसा तो थंयसून माजा थोबाड बघी होतो. कसा दिसला असतला, ता आज बघलंय."

मी म्हटलं, काका, तो नट आहे, त्याच्या तोंडावर पाणी मारतात. तू ऐकत नव्हतास.

"पाकळी माज्या डाव्या हाताक पडली. मी डावी म्हटलंय. खोटा नाय म्हटलंय."

मला क्षणभर काहीच कळलं नाही. आणि मग मी पुन्हा पाच वर्षांची झाले, दगडामागे उभी, आणि डावीकडचं सगळं उजवीकडे गेलं.

"म्हणजे देवाची..."

"उजवी," तू म्हणालास. "भायर तुजो बापूस वल्हा घेवन उभो. दर्यो काळो. घरात तू पाळण्यात, तुका आवस नाय. मी भियालंय गो. इतको भियालंय की माजी खंयची आणि तेची खंयची, ता माका त्या घडयेक कळाक नाय. वीस वर्सां मी सोताक ह्याच सांगतंय." पुडी बाजूला ठेवून म्हणालास, "पण कळलेला. चांगला कळलेला."

तलावात कुणीतरी पायऱ्यांवर कपडे धूत होतं. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. "काय तरी बोल गो," म्हणालास. "तू इतक्या लिवतंस."

आणि मी म्हणाले, "बस चुकेल, काका."

एवढंच. चावडीवर उभी राहून भाषण करणारी मी, माझ्या तोंडून तेवढे तीन शब्द निघाले. बसमध्ये तू खिडकीशी बसलास आणि मी मधे पिशवी ठेवली. नंतरचे बारा दिवस मी तुला विचारलं ते चहा हवा का, आणि पान संपलं का. तू दोन-तीनदा जाळ्यातून मान वर करून माझ्याकडे बघितलंस. मी उठून आत गेले. तेराव्या सकाळी काकी हाक मारायला आली तेव्हा जाळं तुझ्या मांडीवर होतं आणि विणायची सुई बोटांत अडकलेली होती.

मी का बोलले नाही, ते तुला सांगायचं आहे. मी रागावले नव्हते. म्हणजे रागावले होतेच. तू वीस वर्षं सगळा दोष देवावर जाऊ दिलास. तुझा सख्खा भाऊ त्या एका शब्दावरून तुटला, आणि एका शब्दाने तू त्याला परत आणू शकला असतास. आणला नाहीस. त्याचं पत्रक खोटं निघालं, माझा चित्रपट खोटा निघाला, मी ज्याच्यावर वाढले तेच खोटं. पण तो राग मला बोलता आला असता. मला रागाचीच भाषा येते. मी गप्प बसले ती भीतीने. काठावर बसल्या बसल्या मी हिशेब न मांडताच समजले की दादा त्या दिवशी पाण्यात गेला नाही, म्हणून मला आणखी अकरा वर्षं बाप होता. सहा माणसांकडे पाठ फिरवली ती माझ्या पाळण्याकडे बघून. हे कळल्यावर माणूस कुठे उभा राहतो, काका? पत्रकांत भित्रे लोक नेहमी दुसरेच असतात. आपल्या घरातली भीती कुठल्याच पत्रकात नव्हती.

दहाव्या दिवशी मी काकीला विचारलं. ती नारळ खवत होती. "काकी, तू लोटी घेऊन मागे उभी होतीस. कुठली पडली?"

तिचा हात थांबला नाही. "माका दिसाक नाय."

"काकाने मला सांगितलंय."

मग थांबला. "तू जाशीत मुंबयक, बाय. माका हयच रवाचा आसा. ह्याच पाणंदीन जावचा, ह्याच बावडेर पाणी भरूचा." तिने खवलेला कीस गोळा केला आणि आत गेली. जाताना मागचं दार लावून घेतलं, भर दुपारी.

तिच्या भीतीपुढे माझी सगळी तत्त्वं पोरकट वाटली. तुझ्या मागे चूल चालते ती आबांच्या होडीतून येणाऱ्या वाट्यावर. आबांना दुखावलं तर उद्या कालवणाला काय? मी ठरवलं, गप्प बसायचं. काकी आहे तोवर तरी.

काल सुतक फिटल्यावर ठाण्यावर गाऱ्हाणं होतं. एकाने सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलायचं आणि दर वाक्याला सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. मी जन्मात ते म्हटलेलं नाही. नेहमीसारखी कडेला उभी होते, ओठ मिटून. दर्या खवळलेला नव्हता, तरी मला त्याच्याकडे बघवेना.

आबा हात जोडून म्हणाले, "बा देवा म्हाराजा, आमचो थोरलो आज तुज्या पायाकडे इलो हा."

"व्हय म्हाराजा."

"तेना जन्मभर तुजा ठाणा राखल्यान."

"व्हय म्हाराजा."

"तू जो कौल दिलंस, तो जसोच्या तसो तेना आमका सांगल्यान."

लोक श्वास घेतात तेवढीच फट असते तिथे. त्या फटीत मी म्हणाले, "नाय म्हाराजा."

आवाज माझा वाटला नाही. शेळीच्या करडाचा वाटला. मी छपराचा खांब धरला. आबा वळले. "काय म्हटलंस?"

मी सांगितलं. देवाची उजवी पडली होती. काका भ्याला. दादासाठी भ्याला, माझ्यासाठी भ्याला, आणि आपली डावी सांगितली.

"कोणी सांगल्यान तुका?"

"त्यानेच."

"आणि तेका साक्ष कोण? मेलेल्या माणसाच्या नावार काय्येक बोलशीत?"

 मला वाटलं, आता हे सगळं असंच राहणार, मी खोटारडी आणि तू साधू. तेवढ्यात बायकांमधून आवाज आला, अगदी बारीक.

"मी आसंय."

काकी पुढे आली नाही. जागेवरच उभी होती, पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून. "लोटी माज्या हातात होती. मी बघलंय. उजवी."

आबा पायरीवर बसले. स्वतःचे तळवे बघत म्हणाले, "वल्हा माज्या पण हातात होता." मग उठले आणि कुणाकडे न बघता घरी गेले. दादाच्या मागे उभ्या राहिलेल्या सहांत ते होते, हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. गाऱ्हाणं अर्धं राहिलं. आपल्या ठाण्यावर असं कधी झालं नव्हतं म्हणे.

आज सकाळी वाटा आला नाही. विहिरीवर मी गेले तशा बायका गप्प झाल्या. काकीने पेज केली आणि आम्ही दोघी भिंतीला पाठ लावून जेवलो, तोंडं समुद्राकडे. मी म्हटलं, काकी, मला भीती वाटते. ती म्हणाली, "माका पण. जेव." दुपारी मी दिग्दर्शकाला पत्र टाकलं की ती पाटी तरी काढा, नाहीतर माझं नाव काढा. पत्र पेटीत पडलं तरी भीती गेली नाही. कसली भीती, ते नेमकं सांगता येत नाही. लोक काय करतील याची थोडी. जास्त भीती याची की मी त्या दिवशी ठाण्यात असते तर मीही डावीच म्हणाले असते.

तलावावर मला हेच म्हणायचं होतं, काका. 'मीही भ्याले असते.' तीन शब्दच होते. बसच्या ऐवजी हे बोलले असते तर तू तेवढे बारा दिवस एकटा बसला नसतास. तू मला न सांगता गेला असतास तरी चाललं असतं. तुझं नाव चांगलं राहिलं असतं, माझं मोठं झालं असतं. तरी तू सांगितलंस. वीस वर्षं उशिरा, पण त्या एका दुपारी तू होडी पाण्यात लोटलीस. मी काठावर उभी राहिले.

म्हणून तुझा प्रश्न आता मी विचारते. हे छापून आलेलं कुणी वेंगुर्ल्याकडे वाचत असेल, शिरोड्याला, आरोंद्याच्या खाडीवर किंवा पलीकडे गोव्यात, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एवढं विचारा. लढाईतलं वर्ष, मे महिन्याची अखेर. वल्ही नसलेली, आगबोटीवरची होडी. सहा माणसं, त्यातल्या एकाच्या हातात सदरा.

थंय खंय लागलेली काय?